सरावाचे क्यूब

मी डावरी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच येऊन अडलं. लहानपणी आत्याने माझ्या डाव्या हातावर पुष्कळ चापट्या मारल्या, शाळेत बाईंनी मारल्या, पण हात काही वळला नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी मात्र नुसतं बघितलं आणि म्हणाले, "डाव्या हाताने भर की. काँक्रीटला काय कळतंय." त्या एका वाक्यापायी मी त्यांना चार वर्षं डोक्यावर घेतलं.

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. नगरपालिकेच्या लॅबचे ते प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखालची एकुलती एक माणूस. शिकवायची हौस म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. लॅब म्हणजे कचऱ्याच्या गाड्या उभ्या राहतात त्या शेडमागच्या दोन खोल्या. एकीत दाबाचं मशीन, दुसरीत पाण्याची टाकी आणि तेल पुसून ठेवलेले लोखंडी साचे. मागे पत्र्याचं कुंपण घातलेलं अंगण.

आमचं काम सांगायला सोपं आहे. शहरात कुठेही काँक्रीट ओतलं, गटार असो, जिना असो की पूल, की त्याच घाण्यातल्या मालाचे क्यूब भरायचे. क्यूब म्हणजे वीतभराहून कमी लांबी-रुंदीचा चौकोनी ठोकळा. तो अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग मशीनमध्ये घालून फोडायचा. किती दाबाला फुटला त्यावरून काम चांगलं की वाईट ते कळतं. आकडा बरोबर आला तर कागदावर 'पास' लिहायचं, आणि त्या कागदाशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही. लोकांनी भरलेल्या कराच्या तिजोरीची एक किल्ली आमच्या त्या दोन खोल्यांत असायची. मला याचा फार अभिमान होता. आत्या म्हणायची, "हिच्यासमोर सिमेंटला नावं ठेवू नका, ही जेवणार नाही."

क्यूब भरायला मास्तरांनी मला अगदी बोटाला धरून शिकवलं. साच्यात माल तीन थरांत घालायचा. प्रत्येक थराला सळईने पस्तीस ठोके. चौतीस नाही, छत्तीस नाही. "एक ठोका कमी म्हणजे आत एक पोकळी," ते म्हणायचे, "आणि पोकळी कधी खोटं बोलत नाही." शेवटी वरचा भाग थापीने सपाट करायचा. माझा हात डावा, त्यामुळे माझ्या थापीचे वळसे उलटे पडायचे, आणि थापी उचलताना कोपऱ्यात एक बारीकशी खूण राहायची, स्वल्पविरामासारखी. मास्तर ती बघून हसायचे. "तुला सही करायची गरजच नाही," म्हणायचे.

सही मात्र करावी लागायची. प्रत्येक कागदावर छापील ओळ असते: 'सदर क्यूब कामाच्या जागी माझ्यासमोर भरले.' खाली माझं नाव. म्हणजे मी त्या जागी जायला हवं. सुरुवातीला दोन-चारदा गेलेही. मग मास्तर म्हणायला लागले, "तू कुठे उन्हात वणवण करतेस? मी बघून आलोय. कर सही." आणि खिशातून स्वतःचं पेन काढून पुढे धरायचे. मी सही करायची. ते बघून आलेत म्हणजे मीच बघून आले, असं मला खरोखर वाटायचं. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटायचं.

त्याऐवजी मी सोमवारी सरावाचे क्यूब भरायचे. दर सोमवारी सहा. लॅबची धुतलेली खडी, चाळलेली वाळू, मोजून घेतलेलं सिमेंट. मास्तर म्हणायचे, मशीन ठीक चालतंय की नाही ते बघायला असे चांगले क्यूब हाताशी लागतात. साइटवरून आलेले क्यूब टाकीच्या एका बाजूला, माझे दुसऱ्या बाजूला. फोडायचं काम ते शनिवारी दुपारी एकटे करायचे, मी घरी गेल्यावर. "तुझ्या कानांना तो आवाज नको," असं सांगायचे. चार वर्षांत मी हजारावर क्यूब भरले असतील. त्यातला पहिला त्यांनी फोडला नाही. "हा तुझा," म्हणून घरी न्यायला दिला. तेव्हापासून तो आमच्या मागच्या दाराला टेकण म्हणून आहे.

मग दवाखान्याचा उतार खचला.

नगरपालिकेच्या दवाखान्यात पायऱ्यांशेजारी ढकलगाडी आणि खुर्ची नेण्यासाठी काँक्रीटचा उतार केला होता. होऊन पाच महिनेही झाले नव्हते. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंपीणबाईंना ढकलगाडीवरून आत नेत असताना त्याची कड ढासळली, गाडी कलंडली आणि बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. तुटलेल्या कडेतला माल बोटांनी चुरडला जात होता. आणि आमच्या फाइलमध्ये त्याच उताराचा कागद होता: पास. खाली माझी सही.

चौकशीला ऑडिटच्या बाई आल्या. बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेल्या, हातात पेन्सिल. सिमेंटच्या धुळीने त्यांना सारख्या शिंका येत होत्या, पण शिंकून झाल्यावर त्या बरोबर त्याच प्रश्नावर परत यायच्या. गुरुवारी सकाळी त्यांनी विचारलं, "फोडलेल्या क्यूबचे तुकडे ठेवता का?"

"नियमच आहे तसा," मास्तर म्हणाले. "सहा महिने ठेवतो. प्रत्येक कामाचं वेगळं पोतं, वर चिठ्ठी." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. नियम म्हणजे नियम, हे त्यांच्या अंगातच होतं. इतर कुणी ते तुकडे कधीच भरावात टाकून दिले असते.

अंगणात पोती ओळीने लावलेली होती. 'दवाखाना, उतार' अशी चिठ्ठी असलेलं पोतं मी सोडलं आणि सतरंजीवर उपडं केलं. क्यूब मशीनमध्ये आडवा घालतात, त्यामुळे फुटताना थापीच्या बाजूसकट भिंती पापुद्र्यासारख्या सुटून येतात. त्यातला एक पापुद्रा माझ्या पायाशी येऊन पडला. त्यावर थापीचे उलटे वळसे होते आणि कोपऱ्यात स्वल्पविराम.

मी दुसरा तुकडा उचलला. तिसरा उचलला. मग उचलायचं थांबवलं. माझ्या पायाखालची जमीन सरकली असं लिहिलं तर ते कमीच आहे. दवाखान्याच्या उतारावर मी एकदाही गेले नव्हते, आणि हे तुकडे माझ्या हातचे होते.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

मी मास्तरांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते. "काही नाही," मी म्हटलं. का म्हटलं? चार वर्षांची सवय. मला वाटलं, मास्तरांकडे याचं काहीतरी उत्तर असेल.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. नेहमीसारखा त्यांनी त्यांच्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला.

"ओळखलेस ना?" ते म्हणाले.

"माझे आहेत ते."

"हो."

त्यांनी नाकारलं नाही, याचं मला तेव्हा बरं वाटलं. किती मूर्ख असावं माणसाने. "आणि साइटवरचे?"

"साइटवरचे निम्म्या दाबाला फुटायचे. टेम्पोत भरून ठेकेदाराला परत द्यायचो." ते खाली बघत बोलत होते. "तू यायच्या आधी मी एकदा नापास लिहिलं होतं, बाळ. काम दोन महिने अडलं. वरच्या साहेबांनी बोलावून घेतलं आणि विचारलं, मास्तर, तुमची मुदतवाढ कोणाच्या सहीने होते?"

मास्तरांचं निवृत्तीचं वय पाच वर्षांपूर्वीच उलटून गेलं होतं. दरवर्षी त्यांना एक वर्ष वाढवून मिळायचं. त्यासाठीचा अर्ज मीच लिहायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून. 'यांच्या अनुभवाची शहराला गरज आहे' हे वाक्य माझं.

"मी एक पैसा घेतलेला नाही," ते म्हणाले. "घरी येऊन बघ, पंखासुद्धा धड नाही. तुझे क्यूब इतके सुंदर यायचे, की उगाच फोडून वाया घालवण्यापेक्षा..."

"तुम्ही मला सराव म्हणून सांगितलंत."

"सरावच होता. हात तयार झाला ना तुझा?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "माझे दोन महिने राहिलेत. त्या बाईंना डाव्या-उजव्या हातातलं काय कळणार? तू बोलली नाहीस तर ते तुकडे साइटवरचेच. तुझ्याशिवाय कुणी ओळखणार नाही. घाबरू नकोस, मी आहे तुझ्या पाठीशी."

मी मान डोलावली. लपवून काय उपयोग, डोलावली. राग आलेला होता, पण त्याहून जास्त दया आली होती, आणि त्यांच्याविरुद्ध बोलायला माझी जीभ रेटली नसती.

तीन वाजता बाईंनी मला एकटीला आत बोलावलं आणि उताराचा कागद पुढे सरकवला.

"ही सही तुमची?"

"हो."

"तुम्ही तिथे हजर होतात?"

मी कागदावरची छापील ओळ वाचत राहिले. बाई एकदा शिंकल्या, नाक पुसलं, आणि फाइलमधून दुसरा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "मग हे वाचा."

अक्षर मास्तरांचं होतं. वर तारीख सोमवारची. 'कामाच्या जागी हजर राहून क्यूब भरून घेण्याची जबाबदारी सर्वस्वी माझ्या कनिष्ठ सहकारी यांची आहे. वयोमानामुळे मी त्यांच्यावर विसंबून होतो. त्यांच्याकडून काही गैरप्रकार झाला असल्यास मला त्याची कल्पना नाही.'

मी ते दोनदा वाचलं. सोमवारी सकाळी मी सहा क्यूब भरत होते आणि ते माझ्या मागे टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होते. मी विचारलंही होतं, मास्तर, लिहून देऊ का, माझं अक्षर बरं आहे. "राहू दे," म्हणाले होते, "हे माझं मलाच लिहायला हवं." आणि आज, तीन दिवसांनी, अर्धा चहा. पाठीशी आहे म्हणे. पाठीशी होते ते खरंच, माझ्या खांद्यावर बंदूक ठेवायला पाठीशीच उभं राहावं लागतं. केसाने गळा कापणं हे मी नुसतं ऐकलं होतं. कापताना दुखत नाही, हे त्या दिवशी कळलं. मग दुखतं.

"शहराने या कामाचे पैसे दिले," बाई म्हणाल्या, "कारण या कागदावर पास लिहिलं होतं आणि खाली तुम्ही सही केली होती. तुम्हाला काही सांगायचंय?"

"उद्या सकाळी सांगितलं तर चालेल?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "चालेल. पण त्या पोत्याला मी सील लावून जाणार."

घरी गेले तेव्हा मागचं दार उघडं होतं आणि क्यूब त्याला टेकलेला होता. मी जमिनीवर बसले आणि त्याच्यावरून हात फिरवला. उलटे वळसे, कोपऱ्यात स्वल्पविराम. आत्या भाजी निवडत होती. आई गेल्यापासून मला तिनेच वाढवलंय, त्यामुळे माझा चेहरा तिला बरोबर वाचता येतो. मी सगळं सांगितलं.

"बोललीस तर नोकरी जाईल?" तिने विचारलं.

"बहुतेक. जागेवर न जाता सही केलीय मी. त्यांनी फसवलं, पण सही माझीच."

"आणि नाही बोललीस तर?"

"तर ते म्हणणार, हिने केलं. मी म्हणणार, मला माहीत नाही. खरं काय ते कुणालाच सापडणार नाही, आणि माझे उरलेले क्यूब आणखी कुठेतरी पास होतील."

आत्या थोडा वेळ देठं मोडत राहिली. "मी तर म्हणेन गप्प राहा," ती म्हणाली. "दोघींचं पोट त्यावर आहे. मला उगाच मोठ्या गोष्टी बोलता येत नाहीत." मग भांडं उचलून उठता उठता म्हणाली, "रविवारी शिंपीणबाईला बघायला जायचंय. तू येशील ना बरोबर?"

मी क्यूब दारापासून ओढून घेतला.

सकाळी मी क्यूब भाजीच्या पिशवीत घातला. आठ किलो भरतो. बसमध्ये पिशवी ठेवली तशी कंडक्टर म्हणाला, "ताई, दगड भरलेत का?" "जवळपास," मी म्हटलं. पिशवीचे बंद मात्र हातात रुतत होते.

लॅबमध्ये मास्तर आणि बाई दोघंही आलेले होते. मी क्यूब टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच सांगून टाकलं. सोमवारचे सहा, टाकीच्या दोन बाजू, शनिवारची दुपार, टेम्पो. मी उतारावर गेले नव्हते हेही. सुरुवातीचे दोन-चार दिवस सोडले तर कुठल्याच कामावर गेले नव्हते हेही. बाईंनी सील तोडून पोत्यातला एक पापुद्रा काढला आणि माझ्या क्यूबशेजारी धरला.

"पोरगी घाबरलीये," मास्तर म्हणाले. माझ्याकडे न बघता, बाईंकडे बघून. "तिची सही आहे, नोकरी जायची भीती आहे, म्हणून माझ्यावर ढकलतेय. डावरे गवंडी शहरात दहा सापडतील. एका ठोकळ्यावरून काय ठरतं?"

पोरगी. चार वर्षं मी बाळ होते.

बाईंनी विचार केला. "भरून दाखवाल?" त्यांनी मला विचारलं. "माझ्यासमोर. आत्ता."

मी साचा काढला, तेलाचा हात फिरवला, माल कालवला. पहिला थर, पस्तीस. दुसरा थर, पस्तीस. खोलीत फक्त सळईचा आवाज. मास्तर खिडकीपाशी उभे होते, पाठ अर्धी वळवून, जणू त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. तिसऱ्या थराला मला आठवलं, पहिल्यांदा भरला तेव्हा ते माझ्या शेजारी उभे राहून मोठ्याने मोजत होते, आणि मी चुकले की पुन्हा एकपासून. डोळे भरून आले. मी सळई खाली ठेवली आणि थापी घेतली.

"एक राहिला," मास्तर म्हणाले.

बाईंनी मान वर केली. मास्तर आमच्याकडे वळलेले होते. आपण बोललो हे त्यांना बोलल्यानंतरच समजलं असावं. त्यांचा हात हवेत तसाच राहिला होता, बोटं मोजता मोजता थांबलेली.

"दवाखान्याच्या उतारात किती राहिले होते, मास्तर?" मी विचारलं.

त्यांनी हात खाली घेतला.

मी सळई उचलली, पस्तिसावा ठोका दिला आणि डाव्या हाताने थापी फिरवली. थापी उचलल्यावर ओल्या मालात खूण उमटली. बाई वाकल्या. एका बाजूला पोत्यातला तुकडा, एका बाजूला माझा घरचा क्यूब, मधे हा ओला. त्या तिन्हींकडे त्यांनी आळीपाळीने बघितलं, मग बरंच काही लिहून घेतलं आणि त्यात माझी कबुलीही लिहिली, एक शब्द न वगळता. मी तो कागद वाचला आणि सही केली.

मग बाईंनी लॅबचाच एक कोरा छापील कागद घेतला, त्यातले 'कामाच्या जागी' हे शब्द खोडले, आजची तारीख टाकली आणि मास्तरांसमोर ठेवला. 'सदर क्यूब माझ्यासमोर भरले.' त्यांनी त्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

मास्तरांनी वरचा खिसा चाचपला, मग पँटचा. पेन सापडेना. मी माझं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं.

"करा सही," मी म्हटलं. "या वेळी बघितलंत तुम्ही."